चोखं पाणी

५ जानेवारी १९६४

आज जीपने चारचौघांत नाक कापलं. काल संध्याकाळी धाडच्या बाजारातून आलो तेव्हा वाऱ्यासारखी पळत होती. आज सकाळी स्टार्टरवर पाय दाबला तर हूं नाही की चूं नाही. पुष्पाला बाळंतपणासाठी माहेरी आणायला चिखलीला निघायचं, जावयाकडे पुरणाचा स्वयंपाक झालेला, बायकोने, गोजरबाईने, ओटीचं सामान टोपलीत भरून ठेवलेलं, आणि नेमकं इथे घोडं पेंड खाऊ लागलं. शेवटी आमच्या ड्रायव्हरने, कडूबाने, चार माणसं गोळा केली आणि उतारावर ढकलत नेली, तेव्हा कुठे खोकत खोकत चालू झाली. ढकलणारे हसत होते. बैल बरे, निदान उपाशी आहेत हे दिसतं तरी, असं कोणीतरी मागून म्हणालं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

चिखलीत कचरू मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. त्याने बॅटरीची तिन्ही बुचं काढून मला वाकून पाहायला लावलं. आत ठणठणाट. विकणाऱ्याने गाडी गळ्यात मारताना सगळं सांगितलं, बॅटरीला पाणी लागतं एवढंच सांगायचं राहिलं. कचरूने बाटलीतलं डिस्टिल पाणी घातलं आणि दुपारभर चार्जिंगला लावली. तोवर व्याह्यांकडे जेवण झालं. जेवताना व्याही पुन्हा म्हणाले, पोरीला इथेच राहू द्या, दवाखाना हाकेवर आहे. मी म्हणालो, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि माझ्या दारात मोटार उभी आहे. मोटार कशी ढकलत आणली होती ते त्यांना सांगितलं नाही.

मोटार घेतली ती मिरवायला नाही. तीन वर्षांपूर्वी थोरल्या शालूला बैलगाडीतून बुलडाण्याला नेत होतो. नाला ओलांडला आणि ती गेली. पोटातलं पोरही गेलं. शेवटी ती सारखी पाणी मागत होती. अडलेल्या बाईला पाणी द्यायचं नसतं असं सुईण म्हणाली, आणि गोजरबाई हातात भरला तांब्या धरून तशीच बसून राहिली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं अजून एकमेकांशी बोललेलो नाही. मी दुसऱ्या वर्षी कपाशीच्या हंगामावर जीप घेतली, आणि गोजरबाईने त्या दिवसाचं काय केलं ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी जीप का बंद पडली म्हणून तिने विचारलं. बायकांना डिस्टिल काय सांगणार? बॉनेट उघडून बॅटरीची बुचं दाखवली आणि तिला समजेल असं सांगितलं, की मोटारीचं तोंड कोरडं पडलं होतं, चोखं पाणी पाजलं की झालं. तिने विचारलं, "रोज पाजा लागते का?" मी म्हणालो, कोरडी पडू द्यायची नाही, बस. चिखलीहून आणलेली बाटली कडूबाकडे दिली आणि महिन्यातून एकदा बघत जा म्हणून बजावलं.

१८ जानेवारी

जीप ठीक आहे. रोज सकाळी एकदा चालू करून बघतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातला प्रकार.

गोजरबाईला मोटारीचा भलताच लळा लागला आहे. आधी तिला त्या धुराची शिसारी होती. आता अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते आणि तोच देवाचा तांब्या घेऊन तडक गोठ्यालगतच्या छपरात, जीपपाशी. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात. मी थट्टा केली, म्हटलं, हिचीही ओटी भरणार का? ती हसली नाही. म्हणाली, पुष्पाले हीच नेणार ना. मग मीही थट्टा सोडली. करू दे. देवाधर्माने लोखंड काही बिघडत नाही.

१ फेब्रुवारी

धाडच्या बाजारात बंद पडली. भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये. येताना एका दमात चालू झाली होती. निघताना मेली. कुरकुरली नाही, अडखळली नाही, दिवा मंद झाला नाही. माणूससुद्धा मरताना एखादी उचकी देतो.

कडूबाने हँडल मारून मारून तळहात सोलून घेतले. मग बाजारातल्यांनी ढकलली. तशीच चिखलीला नेली. कचरू गावाला गेला होता. तिथल्या माणसाने बुचंही न उघडता चार्जिंगला लावली आणि दात कोरत म्हणाला, बॅटरी आपोआप उतरत नाही, कोणीतरी उतरवतं. दिवे चालू ठेवून झोपणारे ड्रायव्हर मी लई पाहिले.

परत येताना मी कडूबाला विचारलं. तो म्हणाला, "मालक, दिवसाढवळ्या गेलो, दिवे लावतोच काऊन?" बोलणं सरळ होतं. पण सरळ बोलणाऱ्यांनी मला याआधीही फसवलेलं आहे.

१० फेब्रुवारी

आज कापडवाल्याशी भांडण झालं. संक्रांतीला गोजरबाईला घेतलेलं हिरवं लुगडं, महिनाही झाला नाही तर पुढच्या बाजूला भोकंच भोकं. ज्वारीच्या दाण्याएवढी, कडा पिवळ्या पडलेल्या. मी ते लुगडं चिखलीला नेऊन त्याच्या गादीवर आपटलं. तो म्हणे, हे विणीतलं नाही, काहीतरी सांडलं आहे. मी म्हटलं, माझ्या घरात काय सांडणार, ताक? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी या दुकानाची गत आहे. दुसरं लुगडं काही त्याने दिलं नाही.

घरी आलो तर गोजरबाई माझ्यावरच रागावली. चुलीच्या ठिणग्या उडाल्या असतील, म्हणाली, त्यासाठी दुकानात कशाला गेले. तिच्या बोटांची सालंही निघाली आहेत. विचारलं तर म्हणते, राखेनं भांडी घासून. इतकी वर्षं राखेनेच घासते आहे.

१९ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी पुष्पाच्या पोटात दुखायला लागलं. अजून महिना बाकी आहे. तिचा चेहरा पांढराफटक झाला, गोजरबाईने तिला धरून छपराकडे आणलं, आणि मी स्टार्टर दाबला. खट्. पुन्हा दाबला. तेही नाही. ढकलली, सबंध गल्लीने ढकलली, उतार संपून पांदण लागेपर्यंत ढकलली. एक फुरफुर आली नाही. मी बैल जुंपायला सांगितलं. बैलगाडी दारात आल्यावर गोजरबाई तिच्याकडे पाहून मागे सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. 

देवाची कृपा, तासाभरात दुखणं थांबलं. सुईण म्हणाली, खोट्या कळा. पण त्या तासात मी जे पाहिलं ते पाहिलं.

मी कडूबाला चावडीपुढे गाठलं. तिथे सकाळची माणसं बसलेली होती. सगळ्यांदेखत मी त्याला म्हटलं, की तू बॅटरी विकतोस. चांगली काढून कोणाला तरी देतोस आणि मेलेली आणून बसवतोस. हे मला त्याच क्षणी सुचलं आणि सुचताक्षणी खरं वाटलं. चोर म्हटलं. माझ्या पोरीच्या जिवावर उठला म्हटलं. तो म्हणाला, "मालक, मायची आण. म्या हात नाही लावला." मी म्हटलं, उद्यापासून लावूही नकोस.

दुपारी त्याची आई तानुबाई आली. तिला दम्याने चालवत नाही, चार ठिकाणी बसत आली. ओट्यावर बसून नुसती धापा टाकत राहिली आणि काही न बोलता गेली. बोलली असती तर मला बरं पडलं असतं.

रात्री गोजरबाई जेवली नाही. म्हणाली, "त्यानं नाही केलं. मी रोज पाह्यते ना." मी म्हटलं, तू काय पाहतेस, तुला मोटारीतलं काय कळतं.  चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असं गावात कोणीतरी म्हणतं आहे म्हणे. म्हणू दे. त्यांची पोर नाही गेली.

२ मार्च

चार्जिंग करून आणल्यापासून छपराला दार बसवलं आणि कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधावी तशी कमरेच्या करदोट्याला बांधली आहे. चालवतोही मीच. कडूबाइतकी सफाई नाही, पण जाते. सकाळी गोवऱ्या काढायला म्हणून गोजरबाई किल्ली मागते, तेवढ्यापुरती सोडून देतो.

आणि आज पुन्हा मेली.

आता संशय घ्यायला माणूसच उरला नाही. कडूबा तिकडे फिरकत नाही, किल्ली माझ्याकडे, दिवे मी स्वतः बंद केलेले. मग कोण? मॅट्रिक झालेला माणूस मी, सहकारी सोसायटीचा संचालक, पण आज छपरात एकटा उभा असताना करणीचा विचार मनात आला. शालूचाही आला. म्हटलं, तिलाच वाटतं का की दुसरीला नेऊ नये? असं लिहिताना लाज वाटते. वाटलं ते लिहिलं.

पुष्पा दिवसाकाठी एकदा तरी विचारते, "बाबा, चालू झाली का?" मी म्हणतो, हो.

५ मार्च

बॅटरी काढून, पोत्यात गुंडाळून एसटीने चिखलीला नेली. कंडक्टर चढू देईना. म्हटलं, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याला वाटलं मी पोत्यातून औषध नेतो आहे.

कचरू भेटला. त्याने बुचं काढली, आत पाहिलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. तेजाब, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड, उरलेलंच नाही म्हणाला, उतू जाऊन पार वाहून गेलं, नुसतं पाणी भरलं आहे. मग पट्ट्यांवर चढलेलं लालसर पूट दाखवलं आणि विचारलं, की तांब्याच्या भांड्यातलं पाणी कोण घालतं? तांबं म्हणजे बॅटरीला जहर, आतल्या आत मरते, बाहेर काही कळत नाही. एवढं बोलून त्याने बॅटरीच्या मधल्या कप्प्यात चिमटा घातला आणि काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळं पडलेलं, भिजलेलं तुळशीचं पान.

"मालक, सत्यनारायण घातला काय इच्यात?" गॅरेजातली सगळी माणसं हसली. हसणारच. दुसऱ्याची बॅटरी असती तर मीही हसलो असतो.

मी हसलो नाही. देवाचा तांब्या, लुगड्याची भोकं, सालं निघालेली बोटं, सगळं एकदम समोर आलं. चोखं पाणी म्हणजे तिच्या लेखी कोणतं, हे मला कळायला हवं होतं. तांब्याच्या तांब्यातलं, सोवळ्यातलं, तुळशीपत्र घातलेलं. रोज पाजत होती ती. कोरडी पडू द्यायची नाही.

नवीन बॅटरी अकोल्याहून यायची, तोवर कचरूने एक वापरलेली पण चांगली दिली. डिस्टिल पाण्याची बाटलीही घेतली. एसटीत सबंध वाट एकच ठरवत होतो की घरी जाताच तो तांब्या विहिरीत फेकायचा आणि तिला चार शब्द सुनावायचे, की बाई, दुसरी पोरही घालवली होतीस.

घरी आलो तेव्हा ती पुष्पाच्या पायांना तेल लावत होती. मी हातपाय धुऊन देवघरात गेलो. आमच्या आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू तिथे असतो, तोंड कथलाच्या डाकाने बंद केलेला. आई गेली तेव्हा एक फोडला, हा दुसरा आम्हा दोघांसाठी, शेवटच्या घोटाला. त्याचा डाक फुटलेला होता. हलवून पाहिला, आत थेंब नाही. साधं पाणी लागू पडेना म्हणून तिने गंगा पाजली होती. स्वतःची, आणि माझीही.

बाहेर आलो. तिने विचारलं, काय निघालं. मी म्हणालो, कंपनीचा दोष निघाला. बॅटरीच खोटी होती.

८ मार्च

तीन दिवस झाले तरी सांगू शकलेलो नाही. सांगितलं तर ती म्हणेल, शालूला पाणी दिलं नाही म्हणून ती गेली आणि मोटारीला दिलं म्हणून पुष्पा जाणार होती. त्यानंतर ती कोणत्या भांड्याला हात लावेल? आणि न सांगावं तर उद्या तांब्या घेऊन पुन्हा हजर. काल अंघोळीच्या वेळी मी छपराला कुलूप लावून शेतात निघून गेलो. परत आल्यावर बघतो तर ती दारापुढे तांब्या घेऊन बसलेली.

आज तोड काढली. डिस्टिल पाण्याच्या बाटलीवरचा कागद भिजवून सोलून काढला, बाटली देवघरात ठेवली आणि तिला म्हटलं, की बुलडाण्याचे आपले वकील काशीहून आले, त्यांनी गंगा दिली. बाटलीतूनच आणली त्यांनी. मोटारीलाही हीच घालत जा, आठवड्यातून एकदा, चमचा-दोन चमचे. फार नको. तिने बाटली उजेडात धरली. मग मी एक गोष्ट जास्त बोललो. म्हटलं, हिला तांब्याला लावू नको हो.

"गंगेले तांबं चालत नाही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गंगेला चालतं, मोटारीला चालत नाही, कचरू म्हणाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी विचारणार. पण तिने बाटलीला कुंकवाचं बोट लावलं आणि देवांशेजारी ठेवून दिली. जमलं. वकिली करायला हवी होती मी.

१७ मार्च

जीप उत्तम. गोजरबाई सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच पाणी घालते, तेही मला जवळ उभं करून. हळदीकुंकू लावणं बंद केलं आहे. समाधान झालं असावं.

हल्ली ती रोज दुपारी तानुबाईकडे जाते. डाळ, गूळ नेते. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे म्हणे. मी अडवत नाही. कडूबाला परत बोलवावं असं मलाही वाटतं, पण बोलवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागेल. पुष्पाचं पार पडू दे, मग बघू. कामावर न घेता दुसरं काही करता येईल का त्याचाही विचार करतो आहे. रस्त्यात दिसला की तो वाट बदलतो. मीही बदलतो.

२४ मार्च

पुष्पाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

काल न्याहारीच्या वेळी कळा सुरू झाल्या, या खेपेस खऱ्या. मी छपरात गेलो आणि स्टार्टरवर पाय ठेवण्याआधी डोळे मिटले. एका दमात चालू झाली. गोजरबाई मागे पुष्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नाल्याच्या उतारात मी गियर बदलताना चुकलो, जीपने गचका दिला, पण इंजिन चालू राहिलं. पलीकडे चढल्यावर पुष्पा म्हणाली, आई, पाणी.

मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. तांब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग पोरगी घटघट पाणी प्यायली, अर्धं सांडलं असेल. सुईण सोबत होती, ती काहीतरी बोलू लागली, तर गोजरबाईने तिला म्हटलं, "तू गप राय." मला त्या क्षणी इतकं रडू आलं की समोरचा रस्ता दिसेना, पण मोटार थांबवली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. व्याही आले, नातीला पाहून म्हणाले, मोटार कामी आली. मी हो म्हटलं.

११ एप्रिल

पुष्पा आणि बाळ घरी आहेत. घरात बाळंतशेपाचा वास आहे, आणि मी आज हे सगळं पहिल्यापासून वाचलं.

दुपारी कडूबा आला. फेब्रुवारीनंतर प्रथमच. ओट्याखालीच उभा राहिला, माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहून म्हणाला, की मायचा श्वास लागला आहे. "बाई, तुमच्या घरी गंगा हाये. चमचाभर पाह्यजे व्हती." आमच्याकडे गडू आहे हे गावाला माहीत आहे. आईच्या वेळेपासून माहीत आहे.

गोजरबाई मागे चुलीपाशी होती. मी उठलो, देवघरात गेलो आणि कुंकू लावलेली ती बाटली उचलली. मनाशी म्हटलं, तानुबाईला काय कळणार आहे. त्यालाही काय कळणार आहे. भाव महत्त्वाचा. त्याला चोर म्हटलं होतं, निदान रिकाम्या हाताने तरी पाठवू नये. हे मी खरोखर असंच म्हटलं आणि बाटली घेऊन दारापर्यंत आलो.

गोजरबाईने ओल्या हाताने ती माझ्याकडून काढून घेतली.

"हे नाही. हे मोटारीचं पाणी हाये. माणसाच्या तोंडी नाही घालाचं."

मग ती ओट्याच्या कडेपर्यंत गेली आणि त्याला म्हणाली, "गंगा व्हती, कडूबा. ती म्या मोटारीले पाजली. आधी रोज देवाचं पाणी पाजलं, मंग गंगा. त्यानंच बॅटरी मेली. तू काही नाही केलं, बापा."

कडूबाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहत होतो.

तिने रडारड केली नाही. मला म्हणाली, धाडला सरस्वतीबाई मागच्या वर्षी काशी करून आल्या, त्यांच्याकडे गडू आहे, मोटार घेऊन जा आणि आणा. "तवर मी तिचं तोंड ओलं ठेवते." रांजणातून तिने लोटाभर साधं पाणी घेतलं आणि तशीच अनवाणी त्याच्या घराकडे निघाली.

कडूबाला मी चालवायला सांगितलं. तो शेजारी बसला, स्टेअरिंगला हात लावला नाही. धाडपर्यंत आणि परत मीच चालवली. सरस्वतीबाईंनी कारण ऐकून लगेच गडू काढून दिला, तो त्याने छातीशी धरला होता.

पोचलो तेव्हा तानुबाई गेली होती. गोजरबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला लोटा आडवा. कडूबा उंबऱ्यातच खाली बसला. त्याने एवढंच विचारलं, की पाणी पिली का. गोजरबाई म्हणाली, पिली, मागून पिली, दोन घोट. त्याने मान हलवली आणि गडू माझ्या हातात परत दिला. डाक फोडला नव्हता. म्हणाला, "राहू द्या. दुसऱ्या कोणाले लागन."

मातीहून आलो, अंघोळी झाल्या. मग मी तिला विचारलं, तुला कधी कळलं. ती नातीला पाळण्यात ठेवत होती.

"तांब्याले लावू नको म्हणले, तवाच."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुमी माह्यापायी खोटं बोलले. मले बरं वाटलं. पुष्पा मोकळी होईस्तोर मीबी गप राह्यली." पाळणा हलवत राहिली. मग म्हणाली, "मंग कडूबापायी खरं बोलसान म्हणून वाट पाहून राह्यली व्हती. तुमी बाटलीच उचलली."

 उद्या सकाळी चावडीपुढे माणसं बसलेली असतानाच जायचं आहे. तिथेच मी त्याला चोर म्हटलं होतं.